वजनातली घट

शके सतराशे चौऱ्याऐंशी, दुंदुभी नाम संवत्सर.
नाव नगाऱ्याचं. नगारा मात्र
सात समुद्रांपलीकडे वाजत होता,
आणि बैलहोंगलच्या पेठेत
कापसाचा भाव त्या तालावर चढत होता.

मी विरूपाक्ष शेट्टींच्या आडतीवर मोडी लिहायचो.
बोरू, वाळूची डबी, मांडीवर लाल वही.
गाड्या कुमठ्याच्या बंदराकडे रात्रीच निघायच्या,
बैलांना ऊन लागू नये म्हणून.
त्या वर्षी शेट्टींनी सवारीच्या गाडीला
चांदीची धाव बसवली.
चाकामागे धुळीत उठलेली रेघ
पोरं बोटाने चाटून बघायची.

मुंबईचा दलाल फरामजी सांगायचा,
"तिकडे भाऊ भावाला मारतोय.
अर्ध्या मुलखाचं म्हणणं, माणूस विकता येतो,
अर्ध्याचं, नाही येत.
त्यांची बंदरं बंद. आता गिरण्या तुमच्या दारात."
शेट्टींनी एवढंच विचारलं, "किती दिवस चालेल?"
आणि सोगलच्या सोमेश्वराला
अखंड समई लावली,
लढाई लवकर मिटू नये म्हणून.
तेलाची नाही, तुपाची.
प्रसादाचं खोबरं मीही खाल्लं.

मागच्या पडवीत करेव्वा सरकी काढायची.
तिवईवर बसून, सपाट दगडावर
लोखंडी लाटणं, तळपायांनी पुढे, मागे,
रुई पलीकडे, सरकी अलीकडे.
विलायती कापसाची सरकी सुटता सुटायची नाही.
ते बी त्याच लढाईच्या देशातून आलेलं,
फरामजी म्हणाला होता.

करेव्वा जीतावर होती. तीस रुपयांत,
भावाला कोठडीतून सोडवायला बापाने उचललेले.
भाऊ सुटला आणि गोव्याकडे गेला तो गेलाच.
वहीतली तिची ओळ मूळची माझी नव्हे,
आधीच्या गुमास्त्याची:
"बैल दोन, तांब्याचा हंडा एक, करेव्वा."
मी फक्त दर वर्षी ती नव्या वहीत उतरवायचो.
अक्षर माझं चांगलं होतं.

एका दुपारी तिचे पाय थांबले.
"नन्न बेले एष्टु?"
मी चुकीचं ऐकलं. कानडीत
बेळे म्हणजे पीक, बेले म्हणजे किंमत,
जिभेच्या टोकाचा एक वळसा.
म्हटलं, पीक शेट्टींचं, तुझं कसलं?
ती हसली नाही. मोडक्या मराठीत म्हणाली,
"तिकडं मानसांची वही कोन लिवतंय?
त्येला बी मारालेत काय?"

रात्री वहीच्या शेवटच्या पानावर हिशेब मांडला.
यंदाच्या भावाने तीस रुपये म्हणजे
तिच्या पायांखालून निघालेली दहा दिवसांची रुई.
ती अकरा वर्षं बसली होती.
पुन्हा मांडला. दहाच.
वाळू टाकली, झटकली.
पान फाडलं नाही,
कुणाला दाखवलंही नाही.

धुळवडीच्या रात्री नाक्यावर कंदील धरून
बोजे मोजत होतो.
शेवटच्या गाडीत एक जास्त भरला.
गाडीवान कलाप्पा तंबाखू मळत राहिला,
माझ्याकडे बघेना.
मी एकवीस लिहिले.

सकाळी दगडावर लाटणं पडलेलं, थंड.
शेट्टी म्हणाले, "लिही, पळाली."
मी बोरू बुडवला, आणि जिथे
कापूस वाळून वजन उतरतं ते लिहितात,
त्या रकान्यात लिहिलं,
"सुकून घट, एक."
शेट्टींना मोडी अर्धीच यायची.

ती कुमठ्याला पोचली का, पुढे काय,
मला ठाऊक नाही. कलाप्पाला विचारलं,
तर म्हणाला, घाटात धुकं होतं.

चैत्रात फरामजी पुन्हा आला,
लढाई अजून दोन वर्षं तरी, म्हणाला.
शेट्टींनी मला सोगलला धाडलं,
समईत तूप घालायला.
मी गेलो. घातलं.
वात पुढे सारताना बोट भाजलं,
तरी विझू दिली नाही.